हँबलकाठी जीर्णोद्धार

मु. पो. हँबल नदीचा काठ, हॅम्पशायर, इंग्लंड
चैत्र, पाडव्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप आबा आणि तीर्थस्वरूप आई यांच्या सेवेशी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शिडाची जुनी बोट लांबच्या प्रवासासाठी घरच्या घरी सज्ज करणे हा उद्योग वरकरणी रंग, राळ आणि नट-बोल्ट यांचा वाटत असला, तरी प्रत्यक्षात तो अर्थशास्त्र, रसायनशास्त्र आणि दांपत्यजीवन या तिन्हींच्या हद्दीत पसरलेला आहे, आणि त्याचा पद्धतशीर वृत्तान्त रत्नागिरीस पाठवणे आता टाळता येण्यासारखे राहिलेले नाही; कारण फोनवर तो आजवर ‘चाललंय’ एवढ्या एका शब्दात उरकला जात असे आणि त्या शब्दावर आबांचा विश्वास उरलेला नाही, हे त्यांच्या मौनावरून येथपर्यंत कळते.

ज्या बोटीसंबंधी हे लेखन आहे ती २६ फूट लांबीची, १९७०च्या दशकात इंग्लंडमध्येच बांधलेली आणि फायबरग्लासची आहे. फायबरग्लास म्हणजे काचतंतूंच्या चटया पॉलिएस्टर राळेत भिजवून, साच्यात थरावर थर बसवून केलेले कवच. ते लाकडासारखे कुजत नाही, लोखंडासारखे गंजत नाही आणि नीट सांभाळले तर मालकांच्या दोन-तीन पिढ्यांना सहज पुरून उरते. कवच टिकते, परंतु त्याला जोडलेले इंजिन, नळ्या, तारा, पंप, व्हॉल्व्ह, दोर आणि खिडक्यांची रबरे टिकत नाहीत, आणि म्हणूनच या देशात अशा जुन्या बोटी वापरलेल्या मोटारीच्या भावात मिळतात. ही रक्कम खरेदीची नसून केवळ प्रवेश फीची असते, ही गोष्ट विक्रीच्या जाहिरातीत लिहिण्याची प्रथा नाही.

साउथॅम्प्टन आणि पोर्टस्मथ या दोन बंदरांच्या दरम्यान समुद्राला मिळणाऱ्या हँबल नदीच्या दोन्ही काठांवर बोटींची यार्डे आहेत आणि हिवाळ्याच्या तोंडावर शेकडो बोटी क्रेनने उचलून तेथे टेकूंवर उभ्या केल्या जातात. कोकणात हीच विश्रांती पावसाळ्यात घेतली जाते; १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, म्हणजे झापांनी किंवा प्लास्टिकच्या कापडाने झाकून ठेवल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाली की सगळ्यांची लगबग एकदम सुरू होते. इंग्लंडात दर्याला नारळ देण्याची तिथी नाही, त्यामुळे बोट पाण्यात लोटण्याची मुदत धर्माने न ठरता यार्डाच्या भाड्याने ठरते, आणि भाडे ही देवापेक्षा कितीतरी कोपिष्ट संस्था असूनही तिच्या नावाने एकही काम वेळेवर झाल्याचे यार्डात दिसून येत नाही.

दुरुस्ती स्वतः करण्यामागचे पहिले कारण अर्थातच पैशाचे आहे. येथे कारागिराची मजुरी तासावर आकारली जाते, त्याला बोटीपर्यंत चालत येण्याचा वेळही त्या तासात धरला जातो, आणि बिघाड पाहून त्याने मान हलवली तर ती हालचालही बिलात येते. सुट्या भागांचे अर्थकारण याहून गूढ आहे: जो पितळी स्क्रू शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतो, तोच नदीकाठच्या दुकानात ‘मरीन’ हे विशेषण लावून डबीत बसला की त्याची किंमत अनेक पटींनी वाढते. त्या विशेषणाला कधीकधी खरोखर अर्थ असतो, हीच यातली अडचण आहे. मोटारीची साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आतल्या आत काळी पडते, तर बोटीसाठीच्या तारेवर कथलाचा मुलामा असल्याने ती वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे कुठे ‘मरीन’ म्हणजे कथील आणि कुठे ‘मरीन’ म्हणजे निव्वळ डबी, हे ओळखण्यातच माणसाचे निम्मे शिक्षण होते.

कामाची व्याप्ती समजण्यासाठी एकच उदाहरण सविस्तर पाहणे पुरेसे ठरावे. आबांची नात ज्या बाकावर झोपते त्यावर पाण्याचे थेंब पडतात, एवढीच मूळ तक्रार होती. बोटीच्या छताला, ज्यावर माणसे चालतात, डेक म्हणतात. डेकला पडलेल्या भोकातून शिरलेले पाणी सरळ खाली न येता छत आणि आतले अस्तर यांच्यामधल्या पोकळीतून आडवे फिरते आणि आपल्या सोयीच्या जागी प्रकट होते, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथे गळती नसते हे या शास्त्रातले पहिले गृहीत होय. सूनबाईंनी अस्तर उतरवून आत टाल्कम पावडर शिंपडली, चिरंजीवांनी वरून नळीने डेकच्या एकेका भागावर पाणी सोडले, आणि पावडरीवर उमटलेल्या ओघळाचा माग काढत काढत गुन्हेगार सापडला: कठड्याचा एक खांब, ज्याच्या बुडाशी असलेल्या चार बोल्टांपैकी एकाभोवतीचे सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरी लेप, सुकून भेगाळले होते.

बोल्ट काढून पुन्हा लेप लावून बसवणे हे काम कागदावर किरकोळ आहे. प्रत्यक्षात बोल्टाचे डोके डेकवर असते आणि नट खाली केबिनमध्ये, म्हणून एका माणसाने वर स्क्रू-ड्रायव्हर धरावा आणि दुसऱ्याने खाली पाना धरावा लागतो, आणि दोघांच्या मध्ये अपारदर्शक फायबरग्लास असते. त्यातच अशा बोटी बांधताना कवचात कपाटे, बाक आणि फळ्या आधी बसवत आणि डेकचा साचा नंतर वरून झाकणासारखा ठेवत, त्यामुळे कित्येक नट कपाटाच्या पाठीमागे अशा जागी आहेत की तेथे पोहोचण्यासाठी हाताला दोन कोपरे हवेत. दातांच्या डॉक्टर असलेल्या सूनबाईंनी या ठिकाणी आपला व्यवसाय कामी आणला. रुग्णाच्या मागच्या दाढेमागे पाहण्याचा छोटा गोल आरसा आणि डोक्याला बांधायचा दिवा यांच्या साहाय्याने त्या नटापर्यंत पोहोचल्या, आणि तो नट काढावा की भरावा याविषयीचे त्यांचे मत वर डेकवर असलेल्या चिरंजीवांना स्पष्ट ऐकू गेले. ‘हाच का?’ या प्रश्नाला फायबरग्लासच्या दुसऱ्या बाजूने ‘हाच’ असे उत्तर आले, तर दोघांच्या मनातला ‘हा’ एकच असेल असे मानता येत नाही, हा सिद्धान्त संसारात इतरत्रही उपयोगी पडण्यासारखा आहे.

बोल्ट निघाल्यावर खरा विषय उघडला. डेक ही एकसंध पाटी नसून ती तीन थरांची असते: वर आणि खाली फायबरग्लासच्या पातळ कातड्या आणि मध्ये बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे ठोकळे, जे मुख्यत्वे इक्वाडोर देशातून येते. या रचनेमुळे डेक हलका आणि ताठ राहतो. परंतु एका बोल्टाच्या भोकातून पाणी आत गेले की ते बाल्सात मुरते आणि लाकूड वरून काहीही न दाखवता आत कुजत जाते. येथे बोल्टाच्या भोकातून बाहेर आलेला बाल्सा चहात विसरलेल्या खारीच्या बिस्किटाप्रमाणे होता. मग वरची कातडी चौकोनी कापणे, कुजके लाकूड छिन्नीने खरवडून काढणे, ओल वाळवणे, नवे ठोकळे बसवणे आणि कापलेली कातडी पुन्हा चिकटवणे असा कार्यक्रम आपोआप ठरला. बाकावर पडणाऱ्या एका थेंबाचे रूपांतर अशा रीतीने डेकमधल्या खिडकीएवढ्या भोकात झाले, आणि त्या भोकातून तूर्त पूर्वीपेक्षा अधिक पाणी येत असल्याने नातीची पथारी दुसऱ्या बाकावर गेली.

चिकटवण्यासाठी वापरली जाणारी इपॉक्सी ही दोन द्रवांची राळ आहे; राळ आणि कडक करणारे द्रव्य ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता बाहेर पडते आणि मिश्रण दगडासारखे टणक होते. गोम अशी की डब्यात मिश्रण दाटीने असल्याने ही उष्णता तेथेच साठते, क्रिया आणखी वेग घेते आणि काही मिनिटांत डबा, काडी आणि राळ यांचा एक गरम, वाफाळता गोळा तयार होतो. याउलट तेच मिश्रण डेकवर पातळ पसरले आणि हवेचे तापमान १० अंशांखाली असले, तर ते दुसऱ्या दिवशीही चिकटच राहते. इंग्लंडातल्या वसंत ऋतूत डबा कडक आणि डेक मऊ ही अवस्था सर्वसामान्य समजली जाते. त्यानंतर पृष्ठभागावर येणारा मेणचट थर पाण्याने धुतल्याशिवाय पॉलिशपेपर मारला तर तो कागदाच्या दाण्यांत बसून कागदच निकामी करतो, म्हणून धुणे, वाळवणे, घासणे हा क्रम पाळावा लागतो आणि तो पूर्ण होताच पाऊस येतो. आईंनी फोनवर ‘एम-सील लावून टाका’ असे सुचवले होते. ती सूचना हसण्यावारी नेण्याचे कारण नाही, कारण ते लुकण याच इपॉक्सी कुळातले आहे, केवळ डेकच्या भोकाला लागणाऱ्या त्याच्या पुड्यांची संख्या विमानाच्या सामानमर्यादेत बसत नाही.

याच कामातून धाग्यांचा, म्हणजे स्क्रूच्या आट्यांचा, प्रश्न पुढे आला. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले आणि त्यात आट्याचा कोन ५५ अंश ठरवला. पुढे अमेरिकन इंची पद्धतीने आणि मेट्रिक पद्धतीने ६० अंशांचा कोन स्वीकारला. पन्नास वर्षांच्या बोटीत या तिन्ही परंपरा गुण्यागोविंदाने नांदतात: तळाच्या नळजोडांचे आटे व्हिटवर्थच्या घराण्यातले, डोलकाठीच्या ताणतारा आवळणारे स्क्रू अमेरिकन इंची, आणि मधल्या मालकांनी वेळोवेळी ठोकलेले बोल्ट मेट्रिक. अर्ध्या इंचाचे डोके म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ मिलिमीटरचा पाना त्यावर बसतो, बसल्याचे समाधान देतो, आणि जोर लावताच घसरून डोक्याचे कोपरे गोल करतो व धरणाऱ्याची बोटे शेजारच्या धारदार पट्टीवर नेऊन आपटतो. व्हिटवर्थच्या पान्यावर तर डोक्याचे माप लिहिलेलेच नसते. त्यावर बोल्टाच्या दांड्याचे माप असते, त्यामुळे पाना पाहून डोके आणि डोके पाहून पाना ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो.

डेकवरच्या गळतीने अंग भिजते, तळाच्या गळतीने बोट बुडते, म्हणून तळाच्या भोकांचा विषय अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. बोटीच्या पाण्याखालच्या भागाला मुद्दाम पाडलेली भोके असतात. एक इंजिन थंड करण्यासाठी पाणी आत घेते, एक मोरीचे पाणी बाहेर सोडते, आणि दोन शौचालयाच्या आवक-जावकीसाठी असतात. प्रत्येक भोकावर बंद करता येणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्याला सी-कॉक म्हणतात. हा कॉक साध्या पितळेचा असेल, तर त्यातले तांबे आणि जस्त यांच्यापैकी जस्त समुद्राचे पाणी हळूहळू शोषून नेते आणि मागे गुलाबी, सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. आकार जसाच्या तसा, रंग थोडा लाजलेला आणि ताकद नाहीशी. पूर्ण शाबूत दिसणाऱ्या मोरीच्या कॉकवर सूनबाईंनी हातोडीचा हलका ठोका मारला तेव्हा त्याचा दांडा हातात आला आणि आतला गुलाबी रंग पाहून त्यांनी ‘हा काढायलाच हवा’ असा निर्वाळा दिला. नवे कॉक कांस्याचे किंवा जस्त टिकून राहील अशा खास पितळेचे घ्यावे लागतात आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या मापाची लाकडी निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात, म्हणजे कॉक दगा देईल तेव्हा ती भोकात ठोकता येते. शेकडो वर्षांच्या नौकाविद्येचा शेवटचा आधार ही लाकडाची खुंटी आहे, हे जाणून आबांना समाधान वाटेल.

धातूंच्या या भांडणाचा इतिहास वाचण्यासारखा आहे. लाकडी युद्धनौकांच्या तळाला किडे लागू नयेत म्हणून तांब्याचे पत्रे ठोकत, आणि खारे पाणी ते पत्रे खात असे. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर समुद्र त्या तुकड्याला खातो आणि तांबे वाचते. ब्रिटिश आरमाराने ज्या नौकांवर हा प्रयोग केला त्यांत कोचीनला सागवानात बांधलेली ‘समरंग’ ही युद्धनौकाही होती. तांबे खरोखर वाचले. परंतु तांबे झिजत असताना जो विषारी क्षार सुटे त्यामुळेच शेवाळ आणि शंख-शिंपले तळाला चिकटत नसत, हे तेव्हा ध्यानात आले, कारण वाचलेल्या तांब्यावर त्यांनी मुक्काम ठोकला आणि नौकेचा वेग मंदावला. आजचा बोटमालक या दोन्ही निष्कर्षांचे बिल एकाच वेळी भरतो: बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला जस्ताचा अ‍ॅनोड, म्हणजे समुद्राने खाण्यासाठीच ठेवलेला नैवेद्य, आणि तळाला तांबे मिसळलेला रंग, जो हळूहळू विरघळावा हाच ज्याचा गुण असतो. म्हणजे दर वर्षी जो पदार्थ संपावा अशी अपेक्षा असते तोच विकत घ्यावा लागतो, आणि संपला नाही तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे लागते.

इंजिनाच्या प्रकरणात आबांच्या एस.टी.च्या रत्नागिरी कार्यशाळेची थोरवी सिद्ध झाली, ही गोष्ट येथे विशेष नोंदवली पाहिजे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या तप्त हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते, परंतु फवारा मारणाऱ्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर दाब त्या बुडबुड्यातच जिरतो आणि इंजिन नुसते धापा टाकते. फिल्टर बदलला की हवा शिरतेच, आणि फिल्टर बदलणे भाग होते, कारण टाकीच्या तळाला साचलेल्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा काळा गाळ त्यात भरला होता. हिवाळ्यात टाकी अर्धी ठेवली तर हवेतली वाफ आतल्या पत्र्यावर साचून या जीवांची सोय होते, म्हणून ती भरून ठेवण्याचा शिरस्ता आहे. हवा काढण्यासाठी फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून पंपाची दांडी हाताने हलवायची असते, ती हलत होती पण डिझेल येत नव्हते. चिरंजीव संगणकक्षेत्रातले असल्याने त्यांनी सर्व काही बंद करून पुन्हा चालू केले. तेव्हा आबांनी रत्नागिरीहून, व्हिडिओ कॉलवर चित्र गोठलेले असताना केवळ आवाजावरून, ‘इंजिन अर्धा फेरा फिरव, पंप कॅमच्या उंचवट्यावर अडकलाय’ असे सांगितले, आणि फेरा फिरवताच दांडीला जोर आला, फेस आला, मग स्वच्छ धार आली. यार्डातल्या दोन-तीन अनुभवी गृहस्थांनी हे ऐकून ‘ते कोणत्या कंपनीत होते?’ असे विचारले, त्यांना महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ असे पूर्ण नाव सांगण्यात आले आणि ते त्यांनी आदराने ऐकून घेतले.

विजेच्या तारा, शौचालयाचा पंप आणि खिडक्या यांविषयी विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. तारांपुरते एवढेच सांगता येईल की आधीच्या एका मालकांकडे लाल तारेचे एकच मोठे रीळ असावे. शौचालयापुरते एवढेच की समुद्राचे पाणी आणि मूत्र यांच्या संयोगाने नळ्यांच्या आत चुन्याचा थर चढतो, आणि त्या नळ्या काठावर आपटून साफ करताना वाऱ्याची दिशा पाहावी.

यार्डाचे समाजशास्त्र मात्र नोंदवण्यासारखे आहे. टेकूवरच्या प्रत्येक बोटीखाली एक माणूस उताणा असतो आणि प्रत्येक उताण्या माणसाशेजारी चहाचा मग घेतलेला एक उभा माणूस असतो, जो सल्ला देतो. सीलंट पॉलिसल्फाइडचे, पॉलियुरेथेनचे की सिलिकोनचे या प्रश्नावर येथे पंथ आहेत. पॉलियुरेथेन असे घट्ट धरते की पुढच्या वेळी वस्तू निघताना फायबरग्लास सोबत येते, आणि सिलिकोनचा अंश एकदा राहिला की त्या जागेवर नंतर कोणताही रंग बसत नाही, त्यामुळे एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाच्या बोटीत चहा घेतो पण ब्रश उसना देत नाही. काहींच्या बोटी दहा-दहा वर्षे ‘या उन्हाळ्यात निघणार’ अशा अवस्थेत आहेत, आणि या परंपरेला राजमान्यताही आहे. पाचव्या हेन्री राजाने १४१८ मध्ये पूर्ण करवलेले ‘ग्रेस द्यू’ हे त्या काळचे प्रचंड जहाज १४२० मध्ये एकदाच मोहिमेवर निघाले, खलाशांनी बंड केल्याने वाइट बेटावरूनच परतले, पुढे याच हँबल नदीत बांधून ठेवले गेले आणि १४३९ मध्ये बर्सलडनजवळ वीज पडून जळाले. त्याचे अवशेष आजही नदीच्या चिखलात आहेत. इंग्लंडच्या राजाला जे जमले नाही ते सव्वीस फुटी बोटीच्या मालकाला जमेलच असे कोणी धरू नये, असा या अवशेषांचा यार्डात सोयीस्कर अर्थ लावला जातो.

आबांनी मध्यंतरी कॅप्टन दिलीप दोंदे यांच्याविषयीचे कात्रण पाठवले होते आणि त्याच्या कडेला ‘हे गेले. तुम्ही?’ एवढेच लिहिले होते. दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले, हे सर्वविदित आहे. परंतु या पत्राच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधीची आहे. ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि तिच्या बांधणीत दोंदे स्वतः गुंतलेले होते, म्हणजे समुद्रावर निघताना कोणती नळी कोणत्या फळीमागून जाते हे त्यांना विचारून घ्यावे लागणार नव्हते. स्वतः दुरुस्ती करण्याचे दुसरे आणि खरे कारण हेच आहे. मजुरी वाचते हा या उद्योगाचा देखावा आहे, आणि हत्यारांची बिले जोडली तर तोही टिकत नाही. खरा लाभ असा की रात्री भर समुद्रात पंप बंद पडला तर तासाने पैसे घेणारा कारागीर तेथे चालत येऊ शकत नाही, तेव्हा तो पंप पूर्वी एकदा तरी उघडलेला हात बोटीवर असला पाहिजे. सूनबाईंना आज प्रत्येक कॉक अंधारात चाचपून सापडतो, आणि ही विद्या कोणत्याही बिलात मिळत नाही.

आता ‘निघणार कधी’ या प्रश्नाचे उत्तर. कामांची यादी पूर्ण झाल्यावर निघायचे असे ठरवले तर ‘ग्रेस द्यू’चा मार्ग मोकळा आहे, कारण एका कामाच्या पोटातून दोन निघतात आणि यादी संपण्याचा कोणताही गणिती संभव नाही. चिरंजीवांनी प्रत्येक कामाला लागणाऱ्या वेळेचे तक्ते केले होते. सूनबाईंनी ते बाजूला ठेवून, रुग्णांची रांग लावताना वापरतात ती पद्धत वापरली आणि यादीचे तीन रकाने केले. पहिल्या रकान्यात जी कामे राहिल्यास बोट बुडते किंवा डोलकाठी पडते ती: तळाचे कॉक, सुकाणूचे बेअरिंग, ताणतारा, पाणी उपसायचा पंप. दुसऱ्यात ज्यांच्यावाचून प्रवास अडतो ती: इंजिन, बॅटऱ्या, नांगराची साखळी, शौचालय. तिसऱ्यात ज्यांनी केवळ जीव त्रासतो ती: वॉर्निश, कपाटाची कडी, खिडकीचा पडदा, आणि बोटीवरची बहुसंख्य कामे वस्तुतः याच रकान्यात येतात. पहिला रकाना पूर्ण, दुसरा बऱ्यापैकी पूर्ण आणि तिसरा पाहायचा नाही, ही निघण्याची व्याख्या सर्वसंमतीने मंजूर झाली आहे. डेकचे भोक बुजले आहे. त्यानुसार जूनमध्ये वाइट बेटाच्या पश्चिम टोकापासून सुमारे ६० सागरी मैल, म्हणजे अंदाजे ११० किलोमीटर, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील शेर्बुरला जायचे. ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने बारा तास लागतात, आणि भरती-ओहोटीचा जोराचा प्रवाह आडवा लागत असल्याने नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, सतत थोडी तिरपी धरावी लागते. त्यापुढे हवा साथ देईल तसे ब्रिटनीच्या किनाऱ्याने.

आत्याबाईंचे सुपुत्र पुढील महिन्यात लंडनला येत आहेत, त्यांच्यासोबत आबांनी माळ्यावरच्या लाकडी पेटीतला व्हिटवर्थ पान्यांचा संच पाठवावा अशी विनंती आहे. जुन्या बेडफर्ड गाड्यांसाठी जपलेले ते पाने येथे मिळणाऱ्या नव्या पान्यांपेक्षा चांगल्या पोलादाचे आहेत, असे चिरंजीवांचे ठाम मत आहे. पाने हातातल्या पिशवीत विमानात नेऊ देत नाहीत, ते मोठ्या सामानात ठेवावेत आणि आईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळावेत, कारण राळ पुसायला तशी फडकी येथे पैसे देऊनही मिळत नाहीत. जागा उरल्यास आमसुले आणि मेतकूट. नातीचा आजीआजोबांना नमस्कार. तिला ‘बोल्टाचे आटे गेले’ हे वाक्य शुद्ध मराठीत येते, एवढी तिच्या मातृभाषेची प्रगती समाधानकारक आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
हँबलकाठचे कुटुंब

ता. क. — हे पत्र वाचून पाहताना सूनबाईंनी शौचालयाची नोंद दुसऱ्या रकान्यातून पहिल्या रकान्यात नेली असून, या निर्णयावर अपील नाही. शेर्बुरची तारीख त्यानुसार एक आठवडा पुढे धरावी.